पुटपुटणारी पाहुणी

पाहुणी म्हणून मी कुठे कमी पडते, असं त्या काळी मला कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते. आमच्या आईने तेवढं एक पक्कं शिकवलं होतं. चंद्रपूरला आमचं ख्रिस्ती घर, शेजारी नाना तऱ्हेचे लोक. दुसऱ्याकडे गेलं की वाढलेलं निमूट खायचं, चुलीकडे डोकवायचं नाही, पानात टाकायचं नाही, आणि घास उचलायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची. पण ओठांतल्या ओठांत, घरच्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको. ही शेवटची अट आईच्या लेखी सभ्यपणाची होती. नेमकी तीच मला नडली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नर्स म्हणून माझी नेमणूक सावली गावाच्या पुढे, वैनगंगेकडच्या एका धानाच्या गावात झाली. उपकेंद्रात एक खोली औषधांची, एक माझी. बाजूला बांबूचं कुंपण, त्यात येण्याजाण्यापुरती बांबूचीच ताटी, आणि ताटीपलीकडे एका म्हातारीचं घर. घरात ती, तिचा मुलगा आणि सून. म्हातारी भारी चौकस. तुमच्या देवाले नारळ चालते का, तुमच्यात मेल्यावर जेवण देतेत का, लगनात हळद लावतेत का, एकेक विचारत राहायची. मीही काही कमी नव्हते. ती शिजलेल्या भाताचा पहिला घास चुलीशी का ठेवते, हे मी आठवड्याच्या आत विचारून घेतलं. मेलेल्यांसाठी, म्हणाली. बोलता बोलता तिकडून दोडकी, वालाच्या शेंगा यायच्या, इकडून नाताळच्या करंज्या जायच्या.

सुनेचं पहिलं मूल नवव्या दिवशी गेलं होतं, धनुर्वाताने. हे मला आमच्या उपकेंद्रातल्या मदतनीस बाईने सांगितलं. त्या घरात त्याचा विषय कुणी काढत नसे. आता सून पुन्हा गरोदर होती. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं द्यायची असतात, महिन्याच्या अंतराने. पहिलं मी दिलं होतं. दुसरं राहिलं होतं आणि माझा सगळा जीव त्या दुसऱ्यात अडकला होता.

सुनेला सातवा लागला तेव्हा म्हातारीने मला दुपारी जेवायला बोलावलं. सपरी, म्हणजे त्यांची पुढची पडवी, ताजी सारवलेली. पळसाच्या पत्रावळीवर वाफाळता भात, लाखोरीच्या डाळीचे वडे, वर झणझणीत रस्सा. सून माझ्या शेजारी. मी हात जोडले, डोळे मिटले आणि नेहमीची प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हटली. म्हणता म्हणता जाणवलं, की पंगतीतली बडबड थांबली आहे. डोळे उघडले तर म्हातारी सुनेच्या पुढची पत्रावळ ओढून आत नेत होती. मला वाटलं, काहीतरी वाढायचं राहिलं असेल. मी आईच्या शिकवणीप्रमाणे पान चाटूनपुसून साफ केलं आणि तारीफ करून घरी आले.

दुसऱ्या दिवशी ताटी सुंभाने करकचून बांधलेली. दोडकी बंद, प्रश्न बंद. आठवड्याने इंजेक्शनची तारीख आली, मी रस्त्याने फिरून म्हातारीच्या दारात गेले. सून माहेरी गेली, म्हणे. आणि सुनेचं लुगडं समोर दोरीवर वाळतंय, आतून तिचा खोकला ऐकू येतोय. माझं डोकंच फिरलं. हिच्याच नातवाच्या जिवासाठी मी पायपीट करतेय आणि ही माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलते. गेली उडत, म्हणून मी परत आले आणि औषधांची कपाटं उगाच दोनदा पुसली.

 मदतनीस बाईला कारण माहीत होतं, पण सांगायला जड जात होतं. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही पोटुशीच्या बाजूले बसून जेवणावर पुटपुटल्या. गावात काय समजतेत, माहीत आहे ना?"

मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा रडूच आलं. मी आणि करणी? मी तर देवाचे आभार मानत होते. बाई म्हणाली, ते म्हातारीला कसं कळावं? ही मदतनीस बाई स्वतः बौद्ध. रोज दिवेलागणीला घरात वंदना म्हणायची ती अशी खड्या आवाजात की गल्लीभर ऐकू जावी. तिला कुणी भीत नव्हतं. "चांगलं बोलायचं तर लपवता काऊन?" तिने सरळ विचारलं.

प्रार्थना सोडायची? छे. ती मी कुणाच्या बापासाठी सोडली नसती. पण त्या संध्याकाळी मी सहज, पडताळून पाहावं म्हणून, ती मोठ्याने म्हणून पाहिली. लहानपणी पाठ केलेली, जुन्या जडजंबाल मराठीतली चार वाक्यं. अन्नाबद्दल आभार होते, आमच्या पापांची क्षमा होती. जिने उन्हातान्हात डाळ भिजवली, वाटली, वडे तळले, तिचा कुठे पत्ताच नव्हता. वीस-बावीस वर्षं मी लोकांच्या घरी जेवत आले होते आणि एकदाही रांधणारीला त्यात घेतलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. इंजेक्शनची पेटी मुद्दाम घरी ठेवली. सपरीच्या पायरीवर, खालीच बसले. म्हातारी लाखोरी पाखडत होती. मी तिला सांगितलं की माझं चुकलं, मी तुझ्या घरात तुला न सांगता देवाशी बोलले. ती पाखडतच राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "काय बोलली थे? आता म्हण. मले आयकू दे."

मी सुरुवात केली ती त्याच पाठ वाक्यांनी. तिने हात वर केला. हे कोण्या गावचं बोलणं, विचारलं. मग मी साधं बोलले, सुचेल तसं. देवा, या घरचं मी खाल्लं, या बाईच्या हाताला बरकत दे, हिच्या सुनेची नीट सुटका होऊ दे. एवढंच. म्हातारी कान देऊन शेवटपर्यंत ऐकत होती, एखादा कागद कुणी वाचून दाखवावा तशी. मग आतल्या अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "ये व बाहेर. बाईले दंड दाखव."

आणि पेटी घरी! मी पदर खोचून धावत सुटले ती सवयीने कुंपणाकडेच. बांधलेली ताटी आठवून थबकले, तर म्हातारी माझ्या मागोमाग आली होती आणि दातांनी सुंभाची गाठ सोडत होती.

मुलगी झाली. नववा दिवस सुखरूप गेला. बाराव्या दिवशी जेवण होतं. तीच सपरी, पळसाच्या पत्रावळी, सून माझ्या शेजारी, मांडीवर पोरगी. सगळे हात आवरून माझ्याकडे बघत बसले होते. "हं," म्हातारी म्हणाली. मी मोठ्याने म्हटलं. त्यात रांधणारी आली, पाणी भरणारी आली, बाळबाळंतीण आली. संपवून मी भाताला हात घालणार तर म्हातारीने माझं मनगट धरलं.

"आन् पयल्याचं?" ती हळूच म्हणाली. "नऊ दिवस होता थो बी याच घरात."

मी पुन्हा डोळे मिटले आणि त्या नऊ दिवसांच्या पोरासाठी मोठ्याने बोलले. डोळे उघडले तेव्हा सून रडत होती, डोळ्यांचं पाणी टपटप भातावर पडत होतं. तिची पत्रावळ कुणी ओढली नाही.