मिक्सर, कूलर आणि तीन वेळा नाही

लखनऊ परदेशात नाही, हे मला माहीत होतं. सासूबाईंना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. "जिथे ज्वारीची भाकरी मिळत नाही तो परदेशच!" असं म्हणून त्यांनी माझ्याबरोबर पाच किलो पीठ दिलं होतं.

झालं असं, की माझ्या नवऱ्याच्या, अशोकच्या, कंपनीनं त्याची बदली लखनऊला केली. आलमबागेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. जवळच्या शाळेत गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी मी अकरा महिन्यांसाठी लागले. मग कंपनीनं अशोकला परत साताऱ्याला पाठवलं. तो पुढे गेला, आणि नोकरी नीट गुंडाळून यायचं काम माझ्याकडे आलं.

गुंडाळणं म्हणजे दोनच गोष्टी. एक, घरातलं सामान वाटून टाकणं. दुसरी, शाळेचा नो ड्यूजचा फॉर्म. लायब्ररी, परीक्षा, खेळ, प्रिन्सिपल अशा सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय अनुभवाचा दाखला मिळणार नव्हता. रविवारी माझी गाडी होती. साताऱ्यातल्या एका शाळेनं मला मुलाखतीला बोलावलं होतं आणि दाखल्याशिवाय ती शाळा माझ्याकडे ढुंकूनही बघणार नव्हती.

बुधवारी मी यादी घेऊन स्टाफरूममध्ये उभी राहिले.

"तिवारी मॅडम, मेरा मिक्सर आप ले लीजिए."

"अरे नहीं नहीं दीदी! इसकी क्या ज़रूरत!"

"अच्छा, ठीक है," मी म्हणाले आणि त्यांच्या नावापुढे फुली मारली.

"खानसाहब, कूलर?"

"अरे, आप क्यों तकलीफ़ करती हैं!" लायब्ररीवाले खानसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले.

"ठीक है." फुली! खेळाचे यादव सर, लोखंडी खाट, फुली! चार मिनिटांत यादी संपली. (वर्गात एवढ्या वेळात हजेरीसुद्धा होत नाही.) "फिर कबाड़ीवाले को दे देती हूँ!" सगळं सामान भंगारवाल्याला, असं मी आनंदानं जाहीर केलं. खानसाहेबांचा छातीवरचा हात खाली आला. मला वाटलं, माझ्या जाण्याचं दुःख.

गुरुवारी फॉर्म घेऊन निघाले. परीक्षेचं काम तिवारी मॅडमांकडे.

"साइन? हो जाएगा दीदी. पहले चाय पीजिए."

खानसाहेबांना रजिस्टर सापडेना. यादव सरांचं पेन चालेना. मी माझं दिलं, तर त्यांना चष्मा सापडेना. शुक्रवार संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात नऊ कप चहा होता आणि फॉर्म कोरा.

"सही मिळाली का गं?" अशोकचा फोन.

"चहा मिळाला."

शेवटी मी खाली घरमालकीणबाईंकडे, नसीम आपांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"आपने पूछा कितनी बार?"

"एक बार. उन्होंने मना कर दिया."

"पहली बार तो सभी मना करते हैं, बिटिया! दूसरी बार में शरमाते हैं, तीसरी बार में लेते हैं. और आपने उनके सामने कबाड़ीवाले का नाम ले लिया? तौबा!"

मी थक्क झाले. आग्रह आमच्याकडेही होतो, पण तो जिलबीचा. मिक्सरचा आग्रह करायचा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! पण नियम कळला की गणिताच्या माणसाला पुढचं सोपं असतं.

शनिवारी पाठीमागे बोटं मोजत मी तिवारी मॅडमना गाठलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा "आपको मेरी क़सम!" असंही जोडलं.

"अब आप इतना कह रही हैं तो…" मॅडमचा चेहरा उजळला. सही! खानसाहेबांनी कूलर घेतला आणि रजिस्टर त्यांच्याच टेबलावर निघालं. यादव सरांना खाट खरोखरच नको होती. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. पण तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांचाही इलाज चालेना. सही!

उरली प्रिन्सिपल मॅडमची.

"आप चली जाएँगी तो नौवीं का क्या होगा? रुक जाइए ना."

किती ही लखनवी रीत! आता मीही तयार होते. "नहीं मैडम, घर पर सब राह देख रहे हैं." एक.

"बस छमाही तक."

"नहीं नहीं, कैसे हो पाएगा!" दोन.

"हमारी ख़ातिर!"

तीन झाले. उद्याची माझी गाडी सगळ्या शाळेला ठाऊक होती, तेव्हा हे निव्वळ शिष्टाचाराचं बोलणं. त्याला उत्तरही शिष्टाचाराचंच हवं. मी डोळे खाली करून, तिवारी मॅडमच्या सुरात म्हणाले, "अब आप इतना कह रही हैं तो…"

मॅडमनी खण उघडला. आत माझ्या नावाचं मुदतवाढीचं पत्र टाइप होऊन तयार होतं! रजेवरच्या बाईंनी रजा वाढवली होती. फॉर्म खणात गेला, पत्र माझ्या हातात आलं आणि दारातून तिवारी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. एकदा हो म्हटल्यावर माघार किती वेळा घ्यायची असते, हे नसीम आपांनी सांगितलं नव्हतं.

"सही झाली?" अशोकनं विचारलं.

"झाली. माझी. कशावर ते शांतपणे ऐक."

तो शांतपणे ऐकू शकला नाही. सासूबाईंनी मात्र ताबडतोब आणखी पाच किलो पीठ पाठवलं.

सध्या मी रिकाम्या घरात सतरंजीवर झोपते. खानसाहेबांनी कूलर लायब्ररीत बसवल्यामुळे माझं वाचन फार वाढलंय. रोज सकाळी चटणी वाटायला मी तिवारी मॅडमकडे जाते. "अपना मिक्सर ले जाइए ना दीदी," त्या दोनदा म्हणाल्यात आणि मी रीतसर दोनदा नको म्हटलंय.

उद्या सोबत पिशवी घेऊनच जाणार आहे.