झूम करा की, ताई

सिनेमातला संगणकवाला माउसला कधी हात लावत नाही. नुसता कीबोर्ड बडवतो, पडद्यावर हिरवी अक्षरं धावतात आणि अंधुक चेहरा लख्ख होतो. माझं सांगलीत, विश्रामबागेत संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. असली दृश्यं लिहिणाऱ्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायचं आहे. गिऱ्हाइकांपैकी कुणी अंधुक व्हिडिओतून चोराच्या गाडीचा नंबर मागतं, कुणी भिंतीआडचा माणूस. "झूम करा की!" नाही होत म्हटलं, की मलाच येत नाही असं धरून चालतात. ऐकून ऐकून कान किटलेत.

उन्हाळ्यात कुंडलचा एक निवृत्त फौजी म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तो कायमचा गावी परतला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली होती. त्या मिरवणुकीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याने दाखवला. हलगी, गुलाल, उघड्या जीपमध्ये हा, आणि मागे गर्दीत त्याचे वडील, हसत असलेले. पुढे ते वारले. आता वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता.

"दुसरा एखादा चांगला नाही का?" मी विचारलं.

"हायत की," आई म्हणाली. "पर फोटू म्हटलं की ताठ हुयाचं. समद्यात रागावल्यागत दिसत्यात. रोज तसं कसं बघू?"

"ताई, झूम करा," फौजी म्हणाला. "सिरियलीत पोलीस करत्यात की."

केलं. चेहऱ्याच्या जागी मळकट चौकोन उमटले. "कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते मी कुठून आणू?" मी जरा तोडूनच बोलले. त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, म्हणून तो तुकडा एआयमध्ये टाकला. त्याने लगेच चेहरा बनवून दिला, अगदी सिनेमातल्यासारखा. गाल भरलेले, दात पांढरेशुभ्र.

"झालं की, ताई! आये, बघ."

आई वाकून बघत राहिली. मग तिने विचारलं, "कोण हायत हे?"

फौजी खाली बघायला लागला. त्या क्षणी मला माझ्या धंद्याचाच वीट आला. आईने शेजारच्या मळकट चित्रावर बोट ठेवलं. "हे हायत. फेट्याचा शेव धरलाय बघ तोंडावर. पुढचं दात न्हवतं, म्हणून हसताना असंच करायचं."

तेच चित्र मी मोठं करून छापलं, काहीही न सुधारता. तिने कागद हातभर लांब धरला. मी जवळ जाऊन बघू लागले, तर तिने मला मागे सारलं.

"जवळनं नगं, ताई. लांबनं बघा," ती म्हणाली. "मिरवणुकीदिवशी मी बी लांबच हुते, बायकांत."