ताराचा डावा हात

तारा गेली तेव्हा मी हूटगळ्ळीला मुलाच्या घरी बाल्कनीत अवरेकाईच्या शेंगा सोलत बसले होते. मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या घरात खाली भाडेकरू आहेत, त्यांच्या बाईचा फोन आला. मुलानं घेतला. "हौदा... हौदा..." हो का, हो का, एवढंच म्हणत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "अम्मा, आत्यानं सकाळपासून दार उघडलं नाही." मी विचारलं, "फोडलं का?" म्हणाला, "फोडलं." मला कळलं. हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, मग उठले. दिवस भरले होते, बाई झोपेत गेली, अजून काय पाहिजे माणसाला. पण गाडीत बसल्यावर वाटलं, आता मला 'वैनी' म्हणणारं कुणी उरलं नाही.

तारा माझी नणंद. कॉलेजात ती ग्राफिक डिझाइन शिकवायची. टेक्निकल कॉलेज, तिथं अक्षरं कशी काढायची, डबीवरचं चित्र कसं, सिनेमाची पाटी कशी, ते सगळं. मला लिहायचं जमत नाही. माहेरी पिरियापट्टणला कानडी शाळेत थोडी गेले, मग वडिलांनी मशीनवर बसवलं. तंबाखूच्या शेतकऱ्यांचे सदरे शिवायचे आम्ही. आता नातसून सोलापूरची आहे, मी सांगते ती लिहून घेते. मध्येच म्हणते, "आजी, हे वाक्य असं नसतं." म्हटलं, असू दे, मी अशीच बोलते.

लग्न होऊन मी मंडी मोहल्ल्यात आले तेव्हा तारा शाळेत होती. सासरे नव्हते. आमच्या ह्यांचं शिंप्याचं दुकान घरातच, खाली पुढच्या खोलीत. कापायच्या टेबलावर खाकी कागद पडलेले असायचे, त्यावर ही पोरगी खडूनं अक्षरं काढत बसायची. कानडी अक्षरं म्हणजे नुसती गोल गोल, जिलबीसारखी. सासूबाई ओरडायच्या, "बाहीचा कागद खराब केला बघ हिनं." हे हसायचे. ह्यांनीच तिला चित्रांच्या कॉलेजात घातलं. आमच्या समाजातली पोरगी पोरांच्या मध्ये बसून चित्रं काढणार, म्हणून विठोबाच्या देवळात बायका माझ्याशी बोलेनात. हे म्हणायचे, "सुम्ने रहा गं, गप बस तू, बोलून बोलून थकतील." बायका थकायच्या आत हेच गेले. छातीत दुखलं म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मूल माझ्या कडेवर होतं. दिवस झाल्यावर मी ह्यांच्या मशीनवर बसले. लोक आधी यायचे नाहीत, बाई काय कोट शिवणार म्हणून. मग पोलकी शिवली, शाळेचे ड्रेस शिवले, मग कोट पण आले. तारा शिकून झाली आणि त्याच कॉलेजात तिला नोकरी लागली, पण कच्ची. बेंगळूरहून कमिटी येणार, तिचा वर्ग बघणार, मग पक्की करणार, असं होतं. घरात दोन विधवा, एक लहान पोर... तिची नोकरी पक्की होणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं.

आणि कमिटी यायच्या आधीच ते झालं. कॉलेजात छापखाना होता, पोरांना शिकवायला. तिथं कागदाचे गठ्ठे कापायचं मशीन. त्यात तिच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठ्याजवळची दोन. खडू धरायची तीच. कुणाची चूक नव्हती, तिचा हात आत राहिला, पातं खाली आलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा पांढऱ्या पट्टीत हात गुंडाळून ती भिंतीकडं बघत होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "वैनी, वेणी कशी घालू मी आता?" म्हटलं, "मी घालीन."

कॉलेजचे प्रिन्सिपॉल घरी आले. भला माणूस. कॉफी घेतली आणि म्हणाले, वर्ग आता जमणार नाही, पण स्टोअरमध्ये बसा, कागद-रंग द्यायचे-घ्यायचे, पगार चालू राहील. सासूबाईंनी लगेच हात जोडले. मला पण हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. ते जिना उतरून गेले तशी तारा म्हणाली, "मी रंग वाटणार नाही. मी शिकवणार." सासूबाई म्हणाल्या, "कशानं?" तारानं डावा हात वर केला.

आता आमच्यात डाव्या हाताचं कसं असतं ते सांगायला नको. डाव्या हातानं कुणाला पाणी द्यायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, लहान पोरानं डाव्यानं घास उचलला तर हातावर चापट. आणि ही तर अक्षरं काढणार! सासूबाई देवापुढं बसायच्या त्या तिथूनच ओरडल्या, "अक्षर म्हणजे सरस्वती गं! त्या हातानं आपण काय धुतो ते सांगू का तुला?"

"माहीत आहे आई. आता दोन्ही कामं त्यालाच. बढती मिळाली समज."

"थट्टा करते! तुझ्या हातचं पाणी नको मला."

आणि खरंच नाही प्यायल्या. तारानं तांब्या भरला की त्या उठून स्वतः दुसरा भरायच्या. एका घरात हे चाललं होतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी कापायच्या टेबलावर मी काळं कापड पसरायची, वकिलांच्या कोटातलं उरलेलं, आणि तारा त्यावर डाव्या हातानं शिंप्याच्या खडूनं अक्षर काढायची. कागद कुठून आणणार रोज? कापड झटकलं की परत कोरं. पहिल्या पहिल्या अक्षरांना काय म्हणू... कोंबडीनं उकरल्यासारखी. ज्या पोरीनं दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी पाट्या रंगवल्या होत्या, तिचं ते अक्षर. एकदा खडू फेकून दिला भिंतीवर. मी उचलला, दोन तुकडे झाले होते, मोठा तुकडा तिच्या हातात दिला आणि कापड झटकलं. तिला समजावत बसले नाही. मला येत नव्हतं समजावायला. गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती.

मग नवरात्र आलं. मैसूरमध्ये आयुधपूजा म्हणजे काय ते इथल्या माणसालाच विचारावं, बसला झेंडूची माळ, सायकलला माळ, लोहाराच्या घणाला माळ. आमच्याकडं मशीन, कात्री, इस्त्री, टेप, सगळं पुसून मांडायचं. हे गेल्यापासून पूजा तारा करायची, कारण घरात कुंकवाला हात लावू शकणारी तीच. विधवेनं त्या वाटीला शिवायचं नाही हा रिवाज. त्या वर्षी सगळं मांडून झालं, दिवा लावला आणि तिथंच अडलं. उजव्या हाताला पट्टी. डाव्यानं देवाला कुंकू कसं लावणार? तारा दाराशी उभी होती, तोंड बाहेर. शेजारच्या घरापुढं कोहळा फोडल्याचा आवाज आला. त्यांची पूजा झाली पण.

सासूबाई उठल्या. कुंकवाची वाटी घेतली. मी "अय्यो" म्हणाले, तोंडातून निघालंच. त्या म्हणाल्या, "तू गप." मशीनला लावलं, कात्रीला लावलं, इस्त्रीला लावलं. ताराचे ब्रश कोपऱ्यात होते, ते मागून घेतले, त्यांना लावलं. मग म्हणाल्या, "हात आण." तारानं पट्टीचा हात पुढं केला. "तो नाही. आता कामाला कुठला आहे?" आणि डाव्या हाताच्या तळव्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर झेंडूची पाकळी ठेवली. तारा तशीच मूठ मिटून उभी... मी कोहळा घेऊन रस्त्यावर गेले आणि फोडला. पूजा झाल्यावर सासूबाई बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे गं तारा." तिनं दिलं. कुठल्या हातानं ते सांगत नाही.

कमिटी दसऱ्याच्या सुट्टीनंतर आली. मी ताराबरोबर गेले, कागदाची गुंडाळी उचलायला आणि पदर नीट लावायला. व्हरांड्यात बाकावर बसले, वर्गाची खिडकी समोरच. आत पोरं, मागच्या बाकावर बेंगळूरचे साहेब. ताराचा चेहरा कागदासारखा. तिनं डाव्या हातानं फळ्यावर कानडी 'अ' काढला. घरी बरा यायला लागला होता, पण तिथं बिघडला. अक्षर एका बाजूला फुगलं, शेपूट लोंबलं. मागून एक पोरगा फिसकन हसला. मला वाटलं, संपलं. स्टोअरमध्ये बसणार ही.

तारा पोरांकडं वळली आणि म्हणाली, "एन तप्पागिदे, हेळी." काय चुकलंय, सांगा. तिनं हसणाऱ्या पोराकडं खडू धरला. तो आला, फुगलेली बाजू आत घेतली. मग एक पोरगी उठली, म्हणाली शेपूट आखूड पाहिजे. दुसरा म्हणाला, नाही, शेपूट बरोबर आहे, डोकं लहान आहे. भांडायलाच लागली ती! सगळी फळ्यापाशी. तारा बाजूला उभी, खडूचे हात बघत. साहेबांपैकी एक म्हणाले, "टीचरनं आधी चांगलं काढून दाखवायला नको का, अम्मा?" ती म्हणाली, "मी चांगलं काढलं की हे नुसतं बघतात, सर. वाईट काढलं की हे काढतात." साहेब हसले नाहीत, रागावले पण नाहीत. परत येताना मी विचारलं, "आधीपासून ठरवलं होतंस?" म्हणाली, "कुठलं, वैनी. अक्षर बिघडलं, पळून जावंसं वाटलं, तोंडातून ते निघालं."

पक्कं झाल्याचं पुढं कळलं. तिला वर्गातच ठेवली.

पुढं डावा हात चांगला बसला तिचा. दुकानांच्या पाट्या करायची, लग्नाच्या पत्रिका करायची. तरी दर वर्षी नव्या पोरांपुढं पहिलं अक्षर वाकडंच काढायची, मुद्दाम. मग कॉम्प्युटर आले, विषयाचं नाव बदललं, पोरं ब्रश सोडून स्क्रीनवर अक्षरं काढायला लागली. इतर मास्तर घाबरले. तारा म्हणाली, "मला एकदा परत पहिलीत बसायची सवय आहे." माउस डावीकडं ठेवून बसायची. देवी नव्हती ती. चिडकी होती, माझ्या मुलाला रंगाच्या डागावरून फार बोलायची, आणि भाजीत मीठ कमी म्हणून दोघींचा अबोला पण झालाय. लग्न नाही केलं. विचारलं तर म्हणायची, "कन्यादानाला कुठला हात देऊ?"

गेल्या काही वर्षांत माझे गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून मी मुलाकडं आले. ती म्हणाली, मी इथंच बरी. बाराव्याला तिचे विद्यार्थी आले, केस पिकलेले सुद्धा, जिन्यात उभे राहिले.

घर रिकामं करायला गेलो तेव्हा मुलानं विचारलं, काय पाहिजे अम्मा. मी तिची कात्री आणली. डाव्या हाताची, धार लावणाऱ्याला सांगून उलट्या पात्यांची करून घेतली होती आम्ही. आमची कात्री तिच्या डाव्या हातात चालायची नाही. तशी हिची माझ्या उजव्यात चालत नाही. कापड पात्यांच्या मध्ये जातं आणि दुमडतं, कापत नाही. मुलगा म्हणाला, मग कशाला ठेवतेस. आयुष्य कात्रीवर गेलं माझं, पण ही हातात घेतली की मी नवशिकी. तिचं जुनं सुती लुगडं काढलं, गोधडीला तुकडे पाहिजे होते. कात्री डाव्या हातात धरली. अंगठा दुखला. धार वाट सोडून गेली, तुकडा एका बाजूनं फुगला. दुसरा पण तसाच. नातसून म्हणाली, "आजी, मी सरळ कापून देते." म्हटलं नको. तसेच जोडतेय.