साटम काकूंची वीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ऑफिसात तर नाहीच. तुला सांगते — ऐकशील ना शेवटपर्यंत?

गोष्ट तशी आनंदाची आहे, हीच तर पंचाईत. मी आर्किटेक्ट. घाटकोपरला टेकडीखाली एक बैठी चाळ होती, तिच्या जागी आम्ही चारशे घरं उभी केली. परवडणारी, हवेशीर, मे महिन्यातही थंड. आणि माझा खरा अभिमान वेगळाच — चाळ पाडून निघालेला राडारोडा आम्ही कुठेही नेऊन टाकला नाही. विटा, प्लास्टर, फरश्या, सगळं भरडलं, थोडं सिमेंट घालून ठोकळे पाडले आणि नव्या भिंती त्याच ठोकळ्यांच्या बांधल्या. तपासून घेतलेले, मजबूत. त्यांच्यात खोट नव्हती. खोट माझ्यात होती.

चाळ पाडण्याआधी रहिवाशांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "मॅडम, भिंती कसल्या?" खरं अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात सेक्रेटरी कदम म्हणाले, "भंगारातलं घर देऊ नका हां आम्हाला!" सगळे हसले. आणि मी — मी म्हणाले, "जर्मन टेक्नॉलॉजी आहे." मशीन वसईचं होतं, यार!

परिषदांत मात्र तीच गोष्ट मी छाती फुगवून सांगायचे. पाडलेल्या चाळीतूनच नवं घर! टाळ्या पडायच्या. ज्यांचं घर, फक्त त्यांनाच सांगितलं नाही. का? ते नाक मुरडतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

इथवर सोपं होतं. पुढे जीभ अडते.

चाळ पाडल्यावर आठवड्याभराने साटम काकू साइटवर आल्या. मूळच्या मालवणच्या. गिरणी बंद पडल्यावर साटम काका गवंडीकाम शिकले होते, खोलीची मागची भिंत त्यांनी स्वतः बांधलेली. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू माझा हात धरून म्हणाल्या, "बाय माझे, ह्यांच्या हातच्या भितीतली एक वीट दी गो माका. देवाकडे ठेवतलंय."

पत्र्याच्या कुंपणापलीकडेच ढीग होता. पण वीट द्यायची म्हणजे ढीग दाखवायचा, मशीन दाखवायचं —

"गेलं हो सगळं, काकू," मी म्हणाले. "डंपरने नेलं."

त्या "बरां" म्हणाल्या. वर मलाच विचारलं, उन्हात उभी आहेस, पाणी तरी प्यायलीस का?

वास्तुपूजेला काय थाट होता! जिन्यात रांगोळ्या, मजल्यामजल्यावर वडे तळल्याचा वास, पोरं लिफ्टने उगाच वरखाली. काकू भिंत थोपटून पाहुण्यांना सांगत होत्या, "जर्मनीची आसा! पंखोसुद्धा नको." मला आग्रहाने चौथा वडा वाढला. मी खाल्ला. खरं सांगू? मी आनंदात होते. त्या दिवशी टोचलंसुद्धा नाही.

टोचलं ते यंदा. मुलुंडला दुसरी चाळ पाडली. तिथे जागाच नव्हती, म्हणून मशीन समोरच्या मैदानात लागलं, सगळ्यांच्या देखत. लपवणार कसं? भीत भीत खरं सांगितलं. आणि लोकांनी काय केलं असेल? खुर्च्या आणून बघायला बसले! एका आजीने ओट्याचा फुटका कडप्पा आणला — "हा पण घाला, जन्मभर ह्यावर चपात्या लाटल्यात." मग भांडणच जुंपलं : आमच्या खोलीचे ठोकळे आमच्याच घरात बसले पाहिजेत! शेवटी ढिगांवर नावं लिहावी लागली. अख्खं मैदान हसत होतं, मी सगळ्यांत मोठ्याने. आणि हसता हसता मला साटम काकू आठवल्या.

घाटकोपरची माणसंही अशीच हसली असती. त्यांचा हा आनंद मी त्यांना मिळूच दिला नाही.

काकू तिथेच आहेत, सहाव्या मजल्यावर, मजेत. अजून त्यांना काही माहीत नाही. लोकांसाठी घरं बांधता बांधता मी लोकांनाच कमी लेखलं. वीट तिथे होती. मी दिली नाही.