एक पाकोळी, एक पिशवी

मलकप्पा पाकोळीच्या पोटावर फुंकर मारायचा. हलकेच, पोराच्या डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तशी. केस दुभंगले की बिनपंखी, कोळ्यासारखी एक माशी सुर्रकन पळायची आणि हा पन्नाशीचा माणूस आनंदानं ओरडायचा, "निघाली की बाई! लई चपळ हाय!"

वटवाघळांच्या अंगावर राहून त्यांचं रक्त पिणाऱ्या माश्या हा माझा पीएच.डी.चा विषय. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मलकप्पा आमच्या प्रयोगशाळेतला शिपाई. गाव वळसंग. तिथल्या शेतातल्या जुन्या विहिरीतून छोटी वटवाघळं, म्हणजे पाकोळ्या, तोच भरदुपारी जाळीनं धरून कापडी पिशवीत आणून द्यायचा. घरी कानडी बोलायचा. 'नको' म्हणायची वेळ आली की मराठी विसरायचा आणि 'बेडा' म्हणायचा.

दोन वर्षांनी मला घबाड सापडलं! घाटातल्या जंगलात प्रत्येक जातीची माशी आपल्याच जातीच्या पाकोळीवर. वळसंगच्या ज्वारीच्या रानात मात्र कुणाचीही माशी कुणावरही! शेती आली आणि माश्यांची घरंच मोडली! मी हवेत होते. प्रबंध बांधायला निघाले, तर मलकप्पा दोन पिशव्या घेऊन दारात उभा.

"बाई, रागावू नका. जंगलात पाकोळ्या कमी गावल्या, येका पिशवीत येकच घातली. वळसंगला रग्गड गावल्या, तवा समद्या येकाच पिशवीत कोंबल्या की. काल पिशवी उघडली तर माशी हिच्यावरनं तिच्यावर पळताना बघितली."

मी मुळात तापट. भडकलेच. "आत्ता सांगताय? दोन वर्षं तोंडात मूग धरले होते का?"

त्यानं हातातल्या दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या. त्यांत दोन जातींच्या दोन पाकोळ्या होत्या. एकीच्या अंगावरची माशी न् माशी आम्ही चिमट्यानं वेचली आणि दोघींना एका पिशवीत ठेवलं. अर्ध्या तासानं मलकप्पानं फुंकर मारली. निघाली की! साफ केलेल्या पाकोळीवर दुसरीची माशी!

टेबलावर डोकं टेकून मी हमसून हमसून रडले. प्रबंध तसाच दिला असता तर डिग्री मिळाली असती.

"कुणाला कळणार न्हाय, बाई," मलकप्पा म्हणाला. "पर आपल्याला कळलंय की."

त्याच्या बायकोनं जुन्या धोतरांच्या ढीगभर पिशव्या शिवल्या. पुन्हा जंगल, पुन्हा विहीर. "येक पाकोळी, येक पिशवी!" असा तो विहिरीच्या पायऱ्यांवरून मलाच दम भरायचा. वर्षभरानं कळलं, वळसंगच्या माश्यासुद्धा आपापल्या घरीच नांदत होत्या. माझा शोध पार गेला. उरलेला प्रबंध साधा होता, पण खरा होता.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. पहिलाच प्रश्न, "पिशव्या वेगळ्या होत्या का?"

मी खुर्चीतून उठलेच. "होत्या सर! प्रत्येकीची वेगळी!"

दारात चहाचा ट्रे घेऊन मलकप्पा उभा होता.

डॉक्टर होऊन बाहेर आले आणि थेट त्याच्या पायांशी वाकले. तो ट्रेसकट मागे सरला. "बेडा बाई, बेडा!"

मी थांबले, पायांना हात लावायचा राहिलाच. मलकप्पा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्याचं तेवढं एकच ऐकायला नको होतं.