पोत्यांवर शिवलेली वाकळ

आमच्या घरात शिवणाची खोली व्हावी म्हणून मी जितकी वर्षं वाट पाहिली, तेवढ्यात लोकांच्या घरात नातसुना येतात. याला कारण माझा नवरा, आणि नवऱ्याची नोकरी.

ते बसचे कंडक्टर होते. सगळी नोकरी मालेगाव, शिरपूर, आसेगाव, वाशीम याच रस्त्यांवर गेली. पन्नास माणसांच्या गाडीत ते नव्वद बसवायचे, वर दोन बकऱ्या आणि कोणाचं तरी लग्नाचं कपाट. "समोर सरका, समोर जागा हाये!" हे त्यांचं वाक्य. गाडी फुल झाली असं त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही, आणि याचा त्यांना कोण अभिमान! रिटायर झाले, खाकी कपडे ट्रंकेत गेले, पण ते वाक्य तेवढं घरी राहायला आलं. फ्रिजमध्ये पातेलं मावत नाही म्हटलं तरी तेच. पंगतीला ताटं जास्त झाली तरी तेच.

माझी मशीन मात्र सरकत सरकत घरभर फिरली. स्वयंपाकघरात ठेवली तर गिऱ्हाइकांच्या ब्लाउजला फोडणीचा वास. बोळीत ठेवली तर मोटारसायकल निघेना. ओसरीवर ठेवली तेव्हा बकरीनं एका नवरीची बाही खाल्ली, आणि तीसुद्धा जरीची. शेवटी व्याह्यांच्या तळव्यात टाचणी गेली तेव्हा कंडक्टरसाहेब विरघळले. रिटायरमेंटनंतर मागच्या अंगाला एक खोली बांधली. पूर्वेला खिडकी, आतून कडी. "घे वं, ही खोली तुही," म्हणाले. मला दार असलेली, माझी, एक खोली मिळाली. मिळाली म्हणजे चार दिवस.

पाचव्या दिवशी सोयाबीन आलं.

"भाव पडेल हाये. आठ-पंधरा दिवस ठेवतो, भाव आला का विकतो." आठ-पंधरा दिवसांत भाव आला नाही. होळीला आला नाही. पुढच्या दसऱ्याला नवं सोयाबीन जुन्याच्या शेजारी येऊन बसलं. पोती त्यांनी इतकी मन लावून रचली होती की काय सांगू. दोन थर, खाटेच्या उंचीचे, आणि दारापासून खिडकीपर्यंत मधून चालायला वाट. थेट बसच! फक्त तिकीट फाडायचं बाकी होतं. मी कुरकुर केली की म्हणायचे, "मशीन कायले ठेवता येत नाई? सरकव ना थोडी समोर." समोर भिंत होती.

एक दिवस रागारागात त्या पोत्यांवर बसले, आणि डोक्यात उजेड पडला. वाकळ शिवायची ती जमिनीवर अंथरून. माझे गुडघे गेल्यापासून ते बंद झालं होतं. आणि इथे खाटेच्या उंचीचा, चांगला रुंद, सपाट ओटा आयता तयार! नवऱ्यानं जागा दिली नाही, सोयाबीननं दिली.

खाली एक जुनं लुगडं, वर एक लुगडं, आणि मध्ये भर. पण नुसत्या लुगड्यांच्या वाकळेला वजन येत नाही. वजन होतं ट्रंकेत. त्या खाकी कपड्यांना हात लावायची घरात कोणालाच परवानगी नव्हती. पँटी आता पोटाच्या अलीकडेच थांबायच्या, पण साहेब दर पावसाळ्यानंतर त्यांना ऊन द्यायचे आणि घडी करून परत ठेवायचे. मी त्यातून दोन पँटी आणि तीन शर्ट उचलले. चोरीच ती, मी नाही म्हणत नाही. पण ज्यानं माझी खोली अडवली त्याच्या दोन पँटी अडवल्या तर काय आभाळ कोसळणार होतं?

शेजारची मावशी बघायला आली. गावातल्या निम्म्या वाकळा तिच्या हातच्या. तिनं बजावलं, "एक ध्यानात ठेव. अंथरली का पुरी झाल्याबिगर उचलाची नाई. उचलली का झोल पडते." तिचा शब्द मी पाळला. कडेनं सुरुवात करून फेऱ्या घालत आत निघाले. पण खाकीनं दोन दिवसांत तीन सुया मोडल्या. मग मी पोती शिवायचं दाभण घेतलं. ते लोण्यातून जावं तसं जायला लागलं. मला वाटलं, हात बसला. साहेब वाटेत उभे राहून विचारायचे, "कायची वाकय हाये?" मी म्हणायची, "जुन्या लुगड्याइची." खोटं नव्हतं, अर्धं होतं.

दीड महिना गेला. मधोमध हातभर जागा उरली होती, आणि त्या सकाळी साहेब मोबाइल हातात घेऊन नाचतच आले. भाव आला! तासाभरात दारात टेम्पो उभा, दोन हमाल खोलीत. "उचल वं तुही वाकय," साहेब म्हणाले. माझा आनंद पोटात मावेना. झोल पडला तर पडो, खोली मोकळी होत होती. मी कोपरा धरून उचलला.

वाकळ उठेना.

हमालाला वाटलं बाईच्या हातात जोर नाही. त्यानं पोत्याला हात घालून हिसका दिला, तर पोतं आणि वाकळ जोडीनं वर आले, नवरा-नवरीसारखे. तेव्हा माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. ते दाभण. त्याला जन्मापासून पोत्याचीच सवय. दीड महिना मी वाकळ पोत्यांना शिवत होते, फेरीमागून फेरी, अगदी मन लावून. दोन्ही हमाल मटकन खाली बसून हसायला लागले. मावशी दारातून म्हणाली, "मी उचलू नोको म्हनलं, बांधून ठेव नाई म्हनलं!"

हसणं संपतं न संपतं तोच हिसक्यानं ताणलेलं वरचं लुगडं कोपऱ्यात चर्र फाटलं, आणि आतून खाकी खिसा बाहेर आला. झाकणीचा, बटनवाला, शाईच्या डागासकट.

साहेब बघत राहिले. तो डाग मला पाठ होता, त्यांना तर होताच. आता हा माणूस घर डोक्यावर घेणार म्हणून मी अंग आवरून उभी राहिले. मीच आधी बोलले, "हो, तुमचेच हायेत. मीच घेतले. तुमी खोली घेतली, मी पँट घेतले."

त्यांनी खिशाची झाकणी बोटानं सरळ केली. हमाल कंटाळला होता. "बाई, टाके कापा ना. गाडी उभी हाये, दुपारून भावाचं काई खरं नाई."

मी कात्री घेतली. दीड महिन्याचे टाके. पण खोली हवी होती, फार हवी होती, म्हणून पहिल्या टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं. तेवढ्यात साहेबांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

"टाके नोको कापू," ते म्हणाले. "पोते काप."

हमालांना वाटलं उन्हानं डोकं फिरलं. हा तोच माणूस, जो खळ्यात बसून मातीतून एकेक दाणा वेचायचा. त्यांनी स्वतः वाकून पहिल्या पोत्याचं तोंडच नव्हे, पाठ कापली. टाक्यांच्या कडेनं, बेतानं, एकही टाका न तोडता. सोयाबीन धो धो वाहायला लागलं. ओसरीवर, तिथल्या खाटेखाली, थेट टेम्पोच्या चाकापर्यंत. मावशीच्या कोंबड्यांची दिवाळी झाली. आम्ही सगळे सूप, टोपली, घमेली घेऊन दुपार टळेपर्यंत दाणे भरत होतो, आणि साहेब घामाघूम होऊन पोत्यामागून पोतं कापत होते.

टेम्पो गेल्यावर मी विचारलं, "माह्या टाक्याइसाठी केलं का तुमच्या खाकीसाठी?"

ते वाकळ उलटीपालटी करून बघत होते. "खिसा उलटा लावला तू," म्हणाले.

त्या वाकळेला अजून खाली कापलेल्या पोत्यांचा बारदाना आहे. तिचं वजन इतकं की पांघरल्यावर कूस बदलायची तर आधी ठरवावं लागतं. साहेब दुसरं काही पांघरत नाहीत. खोलीत मशीन खिडकीखाली गेली. जुन्या दाराच्या फळीचं कापायचं टेबल झालं, आणि कात्रीसाठी खिळा साहेबांनीच ठोकला, वाकडा. पूर्ण उन्हाळा मी आतून कडी लावून शिवलं. काही काम नसलं तरी लावली.

मग दिवाळीच्या तोंडावर दारात ट्रॅक्टर थांबला. नवं सोयाबीन. मी उठले. टेबलावरचे कपडे गोळा केले, रिळांचा डबा बंद केला, मशीनवर झाकण घातलं. रडायला आलं, पण ते मी नंतरसाठी ठेवलं.

हमाल पाठीवर पोतं घेऊन खोलीच्या दारात आला. "मालक, अठीच टाकू ना? लय जागा हाये."

साहेब उंबऱ्यावर उभे राहिले, एक हात चौकटीला धरून, बसच्या पायरीवर उभे राहायचे तसेच. आत बघितलं. एक मशीन, एक फळी, मी. चाळीस पोती सहज बसली असती, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

"नाई," ते हमालाला म्हणाले. "झोपाच्या खोलीत टाक. हे गाडी फुल हाये."

मी नंतरसाठी ठेवलेलं रडू तिथेच, हमालासमोर, रडून घेतलं. आता आम्ही पलंगापर्यंत अंग तिरकं करून जातो, पोत्यांना पोट घासत, आणि मी पुढे असले की मागून आवाज येतो, "समोर सरक वं, समोर जागा हाये." मी सरकते.