कॉम्प्युटरवरची चादर

घरचा कॉम्प्युटर मी स्वतः दुरुस्त केला, त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या खोलीत मला कुणी एकट्याला सोडत नाही.

त्याआधी तो फक्त हळू होता. माझी बायको वैशाली त्यावर चादरींची डिझाइनं काढते. बटण दाबून चहा टाकायचा. तो उकळून, गाळून, पिऊन झाला की पडदा उजळायचा! माझ्या बाजूने काळजीत कसूर नव्हती. धूळ ही हार्ड डिस्कची वैरीण, असं ऐकल्यावर मी नवी पेठेतून जाडजूड चादर आणून, दुहेरी करून कॉम्प्युटरच्या डब्याला चारी बाजूंनी लपेटली होती. आई त्यावर विरजणाचं भांडं ठेवायची. "हितं दही लई झ्याक लागतंय," म्हणायची.

अशात चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकांनी वैशालीकडे मोराचं डिझाइन मागितलं. आवडलं तर वर्षभर काम देणार होते. महिनाभर खपून तिने मोर उभा केला. ते दुपारी चार वाजता स्वतः न्यायला येणार, त्या दिवशी सकाळी फक्त तुरा राहिला होता.

"हार्ड डिस्कची सेटिंग्ज चुकलीत," मी म्हणालो. (या विषयावर मी दोन व्हिडिओ पाहिले होते. दुसरा अर्धाच.)

"अहो, आज नको. उद्या काय ते करा."

"पाच मिनिटं!"

ती लेकीला शाळेतून आणायला गेली आणि मी बसलो. डिस्कला झोपू देणारी सोय बंद केली. (घरात झोपायला मी आहे की!) मग 'जागा वाचवण्यासाठी ड्राइव्ह कॉम्प्रेस करा' असं दिसलं. बॅगेत कपडे दाबून बसवतो तसंच असणार, म्हणून तिथेही बरोबरची खूण केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली. खाली लिहिलं होतं : शिल्लक वेळ सहा तास!

वैशाली परत आली. "माझा मोर कुठाय?"

"आतच आहे. जरा... दबलाय."

"मग थांबवा ना!"

"मध्येच थांबवलं तर फाइली जातात म्हणे." (हे पहिल्या व्हिडिओत होतं.)

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसून पट्टीकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडेतीन वाजता मी धीर करून डोकावलो, तर सहा तासांचे सात झाले होते!

तेवढ्यात आई आली. तिने दह्याचं भांडं उचललं आणि चादर ओढून काढली.

"आई, धूळ बसेल!"

"बसू दे. मालक यायलेत, पलंगावर चादर नको व्हय? पावण्याला काय उघड्या गादीवर बसवू?"

पुढे जे झालं, ते व्हिडिओत नव्हतं. विमानासारखा घोंघावणारा पंखा हळूहळू शांत झाला. सात तासांचे दोन झाले, मग वीस मिनिटं. मालक दारात आले तेव्हा पट्टी पूर्ण भरली होती आणि वैशाली तुऱ्यात रंग भरत होती. भरभर!

मालक पलंगावर टेकले आणि लगेच उठले. "मावशी, चादर गरम कशी काय?"

"कॉम्पुटरची हाय," आई म्हणाली. "वरीसभर ह्येनं गुंडाळलंय त्येला."

मालकांनी चादर उलटून पाहिली. ती त्यांच्याच कारखान्यातली निघाली! "साहेब," ते मला म्हणाले, "हिच्यातनं थंडी आत जात नाही, अशी माझी ग्यारंटी असते. मग आतली गरमी बाहेर कशी येईल? मशीन तापलं की हळूच चालणार की!"

मी चहा आणायला आत गेलो. तुरा संपवून वैशालीने तो आधीच टाकला होता.

मोर मालकांना फार आवडला. आता काम जोरात आहे, कॉम्प्युटरही पळतो. दही मात्र नीट लागत नाही, आणि त्याचा ठपकाही माझ्यावरच आहे. मोराची पहिली विणलेली चादर मालकांनी भेट पाठवली. वैशालीने ती कौतुकाने माझ्या हातात दिली.

"तुम्हाला," ती म्हणाली. "पण फक्त स्वतःच्या अंगावर घ्यायची. दुसऱ्या कशावरही घालायची नाही!"